मोठ्या बाईंचं नाव

निवडणूक हा लोकशाहीचा उत्सव आहे असं जे म्हणतात, त्यांनी एकदा मे महिन्यात, भर दुपारी बारा वाजता, लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत, नारायण पेठेत चौथ्या मजल्यावर मतदार चिठ्ठ्या वाटायला जावं. मग उत्सव कोणाचा आणि उपास कोणाला, हे नीट कळतं.

मी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे. गेली अकरा वर्षं शाळा सांभाळून मी बीएलओचं काम करते. सरकारी भाषेत त्याला केंद्रस्तरीय अधिकारी म्हणतात. अधिकारी हा शब्द ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. एका मतदान केंद्राच्या यादीतली हजारभर माणसं माझ्या माथी असतात. त्यांच्यात कोण नवीन आलं, कोण राहायला दुसरीकडे गेलं, कोण वारलं, हे घरोघर जाऊन बघायचं, लिहायचं आणि त्या अहवालावरून वरच्या ऑफिसने नावं चढवायची किंवा वगळायची. शाळा सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, पेपर तपासायचे बाजूला ठेवून हे करायचं. मुलांच्या गुणाकाराची बोंब झाली तर त्याची नोटीसही मलाच येते.

पेठेतलं दार उघडायला वेळ लागतो. आधी आतून "कोण आहे?" मग जाळीच्या दारामागे अर्धा चेहरा. मतदार यादीचं काम आहे म्हटलं की "आमची सगळी नावं आहेत" आणि लाकडी दार बंद. नावं आहेत हे यांना कुठून कळलं? यादी तर माझ्या पिशवीत असते. एका आजोबांनी मला विचारलं, "आपण कोणत्या पक्षाच्या?" म्हटलं, कोणत्याच नाही, मी शिक्षिका आहे. "मग आत्ता शाळेत का नाही?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी तोच प्रश्न अकरा वर्षं वरच्या ऑफिसला विचारते आहे. एका घरातला मुलगा बारा वर्षं अमेरिकेत आहे, पण त्याची आई मला त्याचं नाव काढू देत नाही. "असू द्या हो, येतो तो दिवाळीला." दुसऱ्या एका घरात सासरे वारून सहा वर्षं झाली, तरी मृत्यूचा दाखला शोधायला यांना सवड नाही. आणि मतदानाच्या दिवशी हीच मंडळी केंद्राबाहेर उभं राहून याद्यांचा कसा सावळा गोंधळ आहे यावर व्याख्यान देतात.

बोळाच्या टोकाला एक बुकबाइंडिंगचं दुकान आहे, त्यावरच्या मजल्यावर मालकांचं घर. मुसलमान कुटुंब, कित्येक पिढ्या इथलंच. माझ्या सगळ्या भागात तिथेच तेवढी मला बसायला खुर्ची मिळते. घरातल्या प्रत्येकाचे कागद एका फाइलीत क्रमाने लावलेले असतात, झेरॉक्ससकट. मी एकदा त्याचं कौतुक केलं तर तिथले म्हातारबाबा म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव गेलं तर तुम्ही ऑफिसात जाऊन भांडाल. आमचं गेलं तर आम्हाला आधी दाखवावं लागेल की ते होतं." मी चहा संपवला आणि पुढच्या घरी गेले.

घरी आले तरी सुटका नव्हती. त्या उन्हाळ्यात दर तासाला फोन वाजायचा आणि एखादा रेकॉर्ड केलेला उमेदवार "नमस्कार, माता-भगिनींनो" म्हणायचा. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन गट पडले होते आणि ते पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा देशाच्या भवितव्याबद्दल भांडत होते. आमचे हे बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. यांना सकाळी चहाबरोबर कोणाच्या किती जागा येणार ते सांगायचं असायचं. "अहो, मला आज ऐंशी चिठ्ठ्या वाटायच्या आहेत," मी म्हणायचे. "मग तुला तर माहीत असायला हवं, लोकांचा कल कुठे आहे," हे म्हणायचे. लोकांचा कल दार लावून घेण्याकडे आहे, असं मी सांगितलं, तेव्हा दोन दिवस शांतता मिळाली.

या सगळ्यात माझं डोकं ठिकाणावर राहायचं ते एका गोष्टीमुळे. पक्षी बघणं. दर रविवारी पहाटे मी स्कूटर काढते, नारायण पेठेत जाऊन मोठ्या बाईंना मागे बसवते आणि आम्ही खडकवासल्याच्या पाण्याकडे जातो. एक जुनी दुर्बीण, एक वही, थर्मासमध्ये चहा. टिटवीला आधार कार्ड विचारावं लागत नाही. शेकाट्या "नंतर या" म्हणत नाही.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. मी नोकरीला लागले तेव्हा त्या होत्या, आणि पक्षी बघायला मला त्यांनीच शिकवलं. नवीन होते, वर्गात रडकुंडीला यायचे, तेव्हा एका शनिवारी त्या म्हणाल्या होत्या, "उद्या पहाटे साडेपाचला तयार राहा. माणसांपासून थोडं लांब जायला हवंय तुला." त्याला तीस वर्षं होऊन गेली. आता त्या एक्याऐंशीच्या आहेत. नवरा तरुणपणीच गेला, मुलगी बंगळुरूला असते. गुडघे वाजतात, पण स्कूटरवर मागे बसल्या की मलाच सूचना देतात. शाळेत मुख्याध्यापिकेला नाव नसतं. शिपाई, शिक्षिका, मुलं, मुलांचे आईबाप, सगळे मोठ्या बाईच म्हणतात. त्यांची सहीसुद्धा एका वेलांटीसारखी, वाचता न येणारी. त्या निवृत्त झाल्या तरी मी त्यांना मोठ्या बाईच म्हणत राहिले. दुसरं काही म्हणायचं माझ्या मनातही आलं नाही.

मतदानाच्या बाबतीत त्या भयंकर कडक. एकवीस पूर्ण झाल्यापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही, अगदी महापालिकेचीसुद्धा. मुलगी बारा दिवसांची असताना तिला शेजारणीकडे देऊन मत टाकून आल्या होत्या. कोणाला टाकलं ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. "ते विचारतच राहिले बिचारे," असं त्या अजून सांगतात आणि हसतात. त्या वर्षी मात्र त्या एकदा म्हणाल्या होत्या, "लोकसभेची ही माझी शेवटचीच. पाच वर्षांनी मी कुठे असणार?" मी म्हटलं, काहीतरीच काय. पण त्यांनी ते रडून नव्हतं सांगितलं. हिशोब करून सांगितलं होतं.

मतदानाला आठ-नऊ दिवस उरले तेव्हा चिठ्ठ्यांचे गठ्ठे आले. मी मोठ्या बाईंची चिठ्ठी आधी द्यायची म्हणून शोधायला लागले. त्यांची जुनी इमारत आदल्या गणपतीनंतर पुनर्विकासासाठी पाडली होती. बाकीचे बिऱ्हाडकरू सिंहगड रोड, वारजे, कुठे कुठे भाड्याने गेले. मोठ्या बाई मात्र पेठ सोडायला तयार नव्हत्या. पलीकडच्याच बोळात, एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी तळमजल्यावरची एक खोली घेऊन त्या राहिल्या होत्या. म्हणजे माझ्याच भागात, माझ्याच यादीत. पण गठ्ठ्यात त्यांची चिठ्ठी नव्हती. यादीत नावही नव्हतं.

मी संतापले. ऑफिसला फोन लावला, तिथल्या पर्यवेक्षकांना चांगलं सुनावलं. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचं नाव तुम्ही उडवता कसं? ते म्हणाले, "मॅडम, इथून आपोआप काही उडत नाही. तुमच्याकडूनच आलं असेल. बघा तुमचं रजिस्टर." मी फोन ठेवला आणि यांना म्हटलं, बघा, आता माझ्यावरच ढकलतायत. मग रजिस्टर काढलं, त्यांच्या तोंडावर मारायला म्हणून.

नोव्हेंबरातलं पान होतं. मला तो शनिवार आठवला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, थंडीचे पाहुणे पक्षी खडकवासल्याला उतरले होते, आणि सोमवारी अहवाल द्यायचा होता. पाडलेल्या इमारतीचे चौतीस मतदार तपासायचे राहिले होते. नियम असा की प्रत्येक माणूस खरंच कुठे गेला ते स्वतः जाऊन विचारायचं. पण इमारतीच्या जागी पत्रे ठोकलेले, आत खड्डा. विचारायचं कोणाला? सोसायटीच्या अध्यक्षांनी एक टाइप केलेला कागद दिला होता. यादीतले चौतीस अनुक्रमांक, आणि खाली "सर्व सभासद पुनर्विकासामुळे अन्यत्र स्थलांतरित", सही, शिक्का. मी तो कागद समोर ठेवला आणि रजिस्टरमध्ये त्या चौतीस आकड्यांपुढे ओळीने "स्थलांतरित" लिहीत गेले. शेवटच्या रकान्यात "प्रत्यक्ष खात्री केली" असं चौतीस वेळा लिहिलं. अर्ध्या तासात काम संपलं. रात्री दुर्बिणीच्या काचा पुसल्या आणि झोपले.

त्या चौतिसांत एक मोठ्या बाई होत्या. रजिस्टरात आकड्यापुढे नाव पूर्ण छापलेलं होतं, त्यांच्या नवऱ्याच्या आडनावासकट. शाळेतल्या कागदांवर त्यांचं माहेरचं आडनाव होतं, नोकरी लग्नाआधीची म्हणून. पण ती सबब मी स्वतःलाही देणार नाही. मी नावं वाचलीच नव्हती, आकडे वाचले होते. आणि खरं म्हणजे वाचली असती तरी मला कळलं असतं का? माझ्या डोक्यात मोठ्या बाई मतदार नव्हत्याच, त्या मोठ्या बाई होत्या. बाकी कोणी नाही, आम्ही शाळेतली माणसंच ही चूक करू शकलो असतो. ऑफिसात बसलेल्या एखाद्या कारकुनाने निदान नाव तरी वाचलं असतं.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यांना सांगू नकोस. अगं, कॉम्प्युटरची चूक म्हण. सगळ्यांची नावं उडालीत या वेळी, पेपरात रोज येतंय." मला त्यांचा राग आला, कारण मीही मनात तेच ठरवत होते. नवीन नोंदणीची मुदत संपली होती. आता काहीही केलं तरी या निवडणुकीपुरतं ते नाव परत येणार नव्हतं. मग सांगून काय मिळणार, असा मी विचार केला. आपल्याला हवं तेव्हा माणूस किती व्यवहारी होतो.

मोठ्या बाईंना मी फोनवर इतकंच म्हटलं की नाव सापडत नाहीये, ऑफिसात चौकशी चालू आहे. "बघ हं नीट," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यावर सोडलंय."

मधल्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे खडकवासल्याला गेलो. जायचं नाही असं मी दोनदा ठरवलं होतं. पाणी खूप मागे हटलं होतं, काठाचा चिखल वाळून तडकला होता. थंडीचे पाहुणे कधीच परत गेले होते. दोन शेकाट्या, एक खंड्या, पाण्यावर नदीसुरय. तिथे नेहमी येणारे एक गृहस्थ आहेत, मोठा कॅमेरा गळ्यात घालून. ते म्हणाले, "पलीकडच्या काठाला चक्रवाकाची जोडी आहे. लिहून घ्या." थंडीतला पाहुणा चक्रवाक, आणि मे महिन्यात. मी सवयीने वही उघडली. मोठ्या बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "आपण पाहिलेत का? नाही ना? मग लिहायचं नाही. किती वेळा सांगायचं तुला?" मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पाहिले असतील, तुम्ही लिहा." ते गृहस्थ दुखावून पुढे गेले. मी वही मिटली. त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "चहा दे," आणि मी चहा दिला.

परतताना स्कूटरवर त्या मागून मोठ्याने बोलत होत्या. नाव कोणी काढलं असेल याची त्यांना चीड आली होती. "कोणीतरी आळशी माणूस असणार. बसल्या जागी खोडून मोकळा. अशा लोकांना मुलांसमोर उभं करायला हवं." मी हो म्हटलं. नांदेड फाट्याच्या सिग्नलला थांबले तेव्हा परत हो म्हटलं.

मतदानाच्या दिवशी केंद्र एका शाळेत होतं. फाटकाबाहेर मांडव, टेबल, एक बाक, आणि मी यादी घेऊन बसलेली. बरोबर मदतीला एक अंगणवाडीताई होत्या. पहाटे सहापासून तिथे होते. सातला लोकांची रांग लागली आणि सव्वासातला मोठ्या बाई आल्या. खळ केलेली पांढरी सुती साडी, हातात काठी, पिशवीत जुनं मतदार ओळखपत्र.

मी उठून म्हटलं, "बाई, नाव नाही मिळालं. उगीच उन्हात कशाला आलात?"

"नाही म्हणायचं असेल तर आत, माझ्या तोंडावर म्हणू देत," त्या म्हणाल्या आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना पुढे सोडलं. मी टेबलाशी बसून एका माणसाचा अनुक्रमांक शोधत होते आणि तो मला सापडत नव्हता. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि सरळ माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"आतला तो साहेब चांगला मुलगा आहे. उठून उभा राहिला. तो म्हणतो, बीएलओच्या अहवालावरून नाव वगळलंय. बीएलओ बाहेर बसल्यात, त्यांना विचारा." त्यांनी काठी टेबलाला टेकवली. "बीएलओ म्हणजे तूच ना?"

"हो, बाई."

"मग?"

टेबलासमोर चारपाच माणसं होती. अंगणवाडीताई माझ्याकडे बघत होत्या. कॉम्प्युटर हा शब्द जिभेवर होता. पण ते डोळे मी तीस वर्षं ओळखते. मी म्हटलं, "मीच काढलं. नोव्हेंबरात. तुमच्या इमारतीतल्या सगळ्यांपुढे स्थलांतरित लिहिलं. कोणाला भेटले नाही. नावंसुद्धा वाचली नाहीत."

त्या रागावल्या नाहीत. निदान तसं दिसलं नाही. "माझं नाव काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बाई..."

"यादीत होतं ते. पूर्ण. सांग."

मी सांगितलं. आठवडाभर ते माझ्या डोक्यात घोळत होतं.

"मोठ्याने."

मी उभी राहून मोठ्याने म्हटलं. त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं होतं. मला रडू यायला लागलं आणि रडण्याचा रागही आला.

"तुला हे कधी कळलं?"

"आठवडा झाला."

त्यांनी मनात दिवस मोजले असावेत. "म्हणजे रविवारी तुला माहीत होतं."

"हो."

नाव गेलं ते त्यांनी ऐकून घेतलं होतं, पण रविवारचं त्यांना लागलं. तोंड वळवून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता निघून जातील, आणि पुढच्या रविवारी साडेपाचला त्यांचं दार उघडणार नाही. तीस वर्षांत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मग त्या म्हणाल्या, "सरक."

मी बाकावर सरकले. त्या शेजारी बसल्या, पिशवीतून चष्मा काढला आणि यादी माझ्या हातातून ओढून घेतली. समोरचा माणूस केव्हाचा ताटकळत होता. त्यांनी त्याचं आडनाव विचारलं, चार पानं उलटली, नंबर सांगितला. माझ्या दुप्पट वेगाने. आयुष्यभर हजेरीपट वाचलेली बाई ती.

त्या दिवसभर तिथून उठल्या नाहीत. मी त्यांना घरी जायला सांगितलं, ऐकलं नाही. मांडवात उकडत होतं, पंखा नव्हता. दुपारी मी डबा पुढे केला, त्यातली अर्धी पोळी त्यांनी खाल्ली. माझ्याशी बोलत नव्हत्या, पण येणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होत्या. पेठेत सगळेच ओळखीचे. कोणी विचारलं, "काय मोठ्या बाई, झालं का मतदान?" की त्या म्हणायच्या, "नाही. हिने माझं नाव काढलं. काय झालं ते हिलाच विचारा." आणि लोक मला विचारायचे. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. एकदा, दोनदा, पंधरा वेळा. अमेरिकेतल्या मुलाच्या आईनेसुद्धा ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अशी कशी हो तुम्ही माणसं?" मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि गळाही.

दोनच्या सुमारास गर्दी ओसरली तेव्हा त्यांनी नवीन मतदाराचा कोरा फॉर्म मागितला. सहा नंबरचा. अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी असतो तो. त्यांनी टेबलावर वाकून, गोलगोल अक्षरात, सगळे रकाने स्वतः भरले. नातेवाइकाचं नाव या रकान्यापाशी त्या थांबल्या. "वडिलांचं लिहू की नवऱ्याचं?" असं त्यांनी अंगणवाडीताईंना विचारलं. मला नाही. ताई म्हणाल्या, कोणतंही चालतं. त्यांनी वडिलांचं लिहिलं. फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "पोच दे." मी पोच फाडून दिली. ती त्यांनी घडी घालून पिशवीत ठेवली.

पाच वाजले. यांचा फोन आला, "तू येतेस ना? आपलं केंद्र रिकामं आहे अगदी." माझं स्वतःचं मत कोथरूडला होतं. दुपारी जाऊन टाकून येईन असं ठरवलं होतं, पण मी गेले नव्हते. गर्दी होती हे खरं होतं, पण ते कारण नव्हतं. मी यांना हळू आवाजात म्हटलं, "नाही येत. राहू दे या वेळी." आणि फोन ठेवला.

मोठ्या बाई यादीतून मान वर न करता म्हणाल्या, "काय राहू दे?"

"माझं मत, बाई. तुमचं गेलं, मग मी कोणत्या तोंडाने टाकू?"

सकाळपासून त्या रागावल्या नव्हत्या, त्या आता रागावल्या. काठी टेबलावर एवढ्या जोरात आपटली की आतला पोलीस फाटकापाशी आला. "एकाचं घालवलंस ते पुरे नाही झालं? आता दुसऱ्याचंही घालवणार? ते मत काय तुझ्या प्रायश्चित्तासाठी दिलंय का? ऊठ. ऊठ आधी."

"पण इथे..."

"इथे मी बसले आहे. ही ताई आहे. तू नसलीस तर कामं जास्त लवकर होतील. ऊठ म्हणते ना!"

मी चौथीतल्या मुलीसारखी उठले. रस्ते मोकळे होते, सुट्टीचा दिवस. स्कूटरवरून लकडी पूल ओलांडला, डेक्कन, कर्वे रोड, आणि साडेपाचला आमच्या केंद्रावर पोहोचले. हे फाटकाशीच उभे होते. त्यांनी माझी पिशवी धरली. आतल्या बाईने माझं नाव मोठ्याने वाचलं, पूर्ण नाव, समोरच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीत खूण केली. मी बटण दाबलं, शाईच्या बोटाने पिशवी परत घेतली आणि माघारी निघाले.

सहाला दहा मिनिटं कमी होती. मांडवात ऊन तिरकं आलं होतं. मोठ्या बाई शेवटच्या एका जोडप्याला नंबर शोधून देत होत्या. ते आत गेल्यावर त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि माझ्याकडे हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी डावा हात दिला. त्यांनी माझं बोट धरलं, उजेडाकडे वळवलं आणि चष्मा परत लावून नीट पाहिलं. त्यांचं स्वतःचं बोट कोरं होतं, साठ वर्षांत पहिल्यांदा.

"शाई नीट लावली नाहीये," त्या म्हणाल्या, पण बराच वेळ त्यांनी माझं बोट सोडलं नाही.